ओढा, रस्ता आणि मधला पट्टा

जिल्हा परिषदेच्या सचिवांचा फोन आला तेव्हा नकाशे सर स्टुलावर उभे राहून पंख्याची पाती पुसत होते. स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला जगातलं कुठलंही काम सोपं वाटतं. परिषदेचं सभागृह नव्यानं रंगवून झालं होतं, त्याच्या उद्घाटनाला 'परिषदेची रचना आणि इतिहास' या विषयावर दहा मिनिटं कोणीतरी बोलायला हवं होतं. सरांनी वरूनच होकार दिला आणि फडकं पिळायला खाली उतरले.

सरांचं आडनाव नकाशे नव्हतं. आयुष्यभर भूगोल शिकवताना वर्गात पाऊल ठेवताच "नकाशे काढा" असं म्हणायची त्यांना सवय होती. त्यातून हे नाव चिकटलं आणि निवृत्तीनंतर गॅसवालाही त्याच नावानं हाका मारू लागला. सरांचा त्याला आक्षेप नव्हता. उलट, नावाला जागायचं म्हणून त्यांनी ठरवलं की नुसतं बोलायचं नाही, बोलताना मागे भलामोठा नकाशा हवा. प्रत्येक गटाला, म्हणजे एकेक सदस्य निवडून देणाऱ्या भागाला, वेगळा रंग. समोरच्याला परिषद डोळ्यांनी दिसली पाहिजे.

इथवर सगळं ठीक होतं. पण सरांना एखादी गोष्ट मनात ठेवता येत नसे आणि त्यांच्या गल्लीत कोणाला एखादी गोष्ट ऐकून सल्ला न देता राहवत नसे. शेजारचे कंपाउंडर सल्लाही औषधासारखाच द्यायचे: भाषण जेवणानंतर घ्या, दोन भागांत विभागून, वर भरपूर पाणी. कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्यांनी सांगितलं की सुरुवातीलाच सगळ्यांची माफी मागून टाकावी, म्हणजे पुढे काहीही बोलता येतं. दोघांचाही सल्ला सरांनी हसून घेतला आणि सोडून दिला. पुढे गिरणीवाल्यांचं तरी ऐकायला हवं होतं, असं त्यांना अनेकदा वाटलं.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. घरात सर, त्यांची बायको आणि सासूबाई अशी तीनच माणसं, पण आता तिघांनाही मांडीवर ताट घेऊन जेवावं लागे. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्यापासून इथेच राहत होत्या. एका वेळी वीस माणसांना लाइनवर थांबवून ठेवायची जन्माची सवय असल्यामुळे त्यांचा आवाज शांत होता आणि त्यांच्यापुढे कोणाची घाई चालत नसे. जावयाला त्या 'जावईबापू' म्हणत, आणि ते इतक्या आदरानं म्हणत की सरांना दर वेळी आपलं काहीतरी चुकलंय असं वाटे.

परिषदेचा इतिहास सरांना तोंडपाठ होता. पूर्वी एक नव्हे, दोन परिषदा होत्या, वरची आणि खालची. वरची डोंगराकडच्या गावांची, खालची नदीकाठच्या. दोघींचं एकमेकींशी पटत नसे, म्हणून सरकारनं त्यांना एकत्र केलं. लग्नं जुळवतानाही लोक कधी कधी असाच विचार करतात. एकत्र येताना दोघींनी आपापल्या खुर्च्या आणल्या, आपापलं घड्याळ आणलं आणि आपापले सदस्य आणले, तेही अगदी बरोबरीनं, एकही कमी-जास्त नाही. अध्यक्षपद एक वर्ष वरच्यांकडे, एक वर्ष खालच्यांकडे. मतं सारखी पडली की निर्णय अध्यक्षांचा, आणि मतं नेहमी सारखीच पडत. त्यामुळे एका वर्षी वरच्या अंगाला बसवलेला पाण्याचा पंप दुसऱ्या वर्षी उचलून खालच्या अंगाला जाई आणि तिसऱ्या वर्षी परत चढावर येई. तो पंप चालू अवस्थेत फारसा कोणी पाहिलेला नव्हता, पण रस्त्यानं जाताना सगळ्यांनी पाहिला होता.

सरांनी वरचे गट निळ्या छटांनी रंगवले, खालचे हिरव्या. वरच्या परिषदेची हद्द होती डोंगरापासून रस्त्यापर्यंत. खालचीची नदीपासून ओढ्यापर्यंत. दोन्ही हद्दी जाहीर होत्या, कचेरीच्या व्हरांड्यात काचेमागे लावलेल्या होत्या, पण एक वाचून झाल्यावर दुसरी वाचायचे कष्ट आजवर कोणी घेतले नव्हते. सरांनी दोन्ही बाजूंनी रंग भरत आणला आणि मध्ये पांढरा कागद उरला. ओढा आणि रस्ता शेजारून शेजारून जात होते. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर ना निळा रंग होता ना हिरवा. सरांनी चष्मा पुसला, पट्टी लावून पाहिलं, पुन्हा मोजलं. त्या पट्ट्यात गिरणी होती, कंपाउंडरांचं घर होतं, पूर्ण गल्ली होती आणि ज्या टेबलावर नकाशा पसरला होता ते टेबलही होतं.

आपण कुठेच राहत नाही हे कळल्यावर दुसरा कोणी हादरला असता. सरांना कमालीचा आनंद झाला. इतकी वर्षं दुसऱ्यांनी शोधलेले प्रदेश शिकवण्यात गेली होती. आता एक त्यांनी स्वतः शोधला होता, तोही घरबसल्या. गल्लीतली निम्मी माणसं वरच्या गटात मतदान करत आणि निम्मी खालच्या, ज्याला जी शाळा जवळ पडेल तिकडे. या प्रकाराला आजवर कोणी हरकत घेतली नव्हती.

बायकोनं नकाशा पाहिला, प्रश्न समजून घेतला आणि तोडगा सांगितला. "अहो, दोन्हीकडचा रंग थोडा थोडा पुढे ओढा की. कोण बघतंय."

सरांना हे वाक्य लागलं. रंग पुढे ओढायचा असता तर आपण भूगोल कशाला शिकवला असता, रंगारीच झालो असतो, अशा अर्थाचं बरंच काही ते बोलले. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की हे सभेत सगळ्यांसमोर सांगणार का. सर म्हणाले, अर्थातच.

उद्घाटनाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात लांब छडी होती, आवाज खणखणीत लागला होता. वरच्या परिषदेच्या इतिहासावर निम्म्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या, खालचीच्या इतिहासावर उरलेल्या निम्म्यानं. मग सरांनी छडी पांढऱ्या पट्ट्यावर टेकवली आणि सांगितलं की हा भूभाग या परिषदेत येत नाही, कधीच आलेला नाही, आणि आज हे प्रथमच उघड होत आहे. इथे कडकडाट होईल अशी त्यांची अपेक्षा होती. कोणीतरी खोकलं, तेवढंच. अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं, सचिव व्हरांड्यात जाऊन काचेमागच्या दोन्ही हद्दी वाचून आले आणि म्हणाले, सरांचं बरोबर आहे.

बरोबर असण्याचे परिणाम सोमवारी सुरू झाले. कचऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, थांबली आणि मागे वळली. गिरणीसमोरचा दिवा गेला होता. वायरमननं शिडी लावली, खाली वाकून विचारलं की हा खांब कोणाच्या गटात, आणि उत्तर ऐकून शिडी काढली. परवापर्यंत त्याच खांबावर तो बिनदिक्कत चढत होता. पण तेव्हा त्याला भूगोल माहीत नव्हता.

हे सगळं गल्लीनं हसण्यावारी नेलं असतं. पण कंपाउंडरांच्या मुलीला दुसऱ्या शहरातल्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि तिथे रहिवासाचा दाखला द्यायचा होता. तो परिषदेच्या कचेरीतून मिळायचा. कंपाउंडर रांगेत उभे राहून रिकाम्या हातानं परत आले. ते सरांच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. मुलगी वडिलांच्या मागे होती. ती सरांची विद्यार्थिनी, भूगोलात पहिली आलेली. तिनं कॉलेजचं पत्र घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवलं आणि ते सरांना सगळ्यात जास्त लागलं.

"सर, तुमचं संशोधन झालं," कंपाउंडर म्हणाले. "माझ्या पोरीचं वर्ष जाईल."

सरांनी त्यांना शब्द दिला की दाखला मीच आणून देतो. सरांचा स्वतःवरचा विश्वास तसूभरही कमी झाला नव्हता. चूक त्यांची नव्हती, हद्दीची होती, आणि शहाण्या माणसानं समजावून सांगितलं की कचेरीला कळतं अशी त्यांची पक्की समजूत होती. दुसऱ्या दिवशी ते खिडकीसमोर उभे राहिले. आतल्या कारकुनानं नाव विचारलं, गल्ली विचारली, गट विचारला. सर म्हणाले, गट नाही.

"गट नाही म्हणजे तुम्ही इथे राहत नाही," कारकून म्हणाला.

"मी तुमच्या समोर उभा आहे."

"उभे आहात हे मान्य. पण ते राहणं नव्हे." कारकून अजिबात उर्मट नव्हता. त्यानं सरांना सुचवलं की पट्ट्याच्या एका बाजूच्या सदस्यानं 'ही गल्ली माझ्या गटात घेतो' असं म्हटलं तर प्रश्न मिटेल.

रस्त्यापलीकडच्या वरच्या गटाचे सदस्य ड्रायव्हिंग स्कूल चालवत. सर गेले तेव्हा ते एका शिकाऊ बाईंच्या शेजारी बसले होते आणि गाडी थांबवता येत नसल्यामुळे सरांना बरंचसं बोलणं गाडीबरोबर चालत करावं लागलं. सदस्यांनी खिडकीतून सांगितलं की ती गल्ली भांडखोर आहे, तिथला ओढा तुंबतो, आपल्याला नको. ओढ्यापलीकडच्या गटाचे सदस्य पोल्ट्रीवाले. त्यांनी सरांना कोंबड्यांच्या गोंगाटात बसवून घेतलं, सगळं ऐकलं आणि म्हणाले की मास्तर, रस्त्याकडची माणसं आम्ही घेत नाही, ती आमच्या पिल्लांच्या वासाच्या तक्रारी करतात. ही तक्रार सरांनीच दोनदा केली होती. त्यांनी विषय वाढवला नाही. घरी आल्यावर बायकोनं त्यांना अंगणातच कपडे बदलायला लावले.

सर दोन दिवस गल्लीतून मान खाली घालून जात होते. गिरणीवाल्यांनी त्यांचं पीठ दळून दिलं पण जाडसर दळलं. मग सरांना अंघोळ करताना एक मुद्दा सुचला आणि ते ओल्या अंगानंच हिशोबाला बसले. गटांची संख्या लोकसंख्येवर ठरत होती. वरच्या आणि खालच्या बाजूची माणसं जवळजवळ सारखी, म्हणून सदस्यही सारखे. आता हा पट्टा ज्या बाजूला जोडला जाईल त्या बाजूला एक सदस्य वाढवून मिळणार. आणि बरोबरीच्या परिषदेत एक सदस्य वाढला म्हणजे कायमचं बहुमत.

हे त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना फोन करून सांगितलं, मग निष्पक्षपणा म्हणून पोल्ट्रीवाल्यांनाही सांगितलं. संध्याकाळच्या आत गल्लीचं नशीब पालटलं. कचऱ्याची गाडी आली, पाठोपाठ दुसरी आली, आणि दोघींत गल्लीतल्या मोजक्या कचऱ्यावरून झोंबाझोंबी झाली. दिव्याच्या खांबाशेजारी दुसरा खांब उभा राहिला, दोन्हींचा उजेड थेट सरांच्या खिडकीत. पोल्ट्रीवाले घरोघर अंडी पाठवू लागले. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी गल्लीतल्या बायकांना मोफत गाडी शिकवायला घेतली आणि सरांच्या बायकोनं तिसऱ्याच धड्यात नवा खांब किंचित वाकवला. गिरणीवाले म्हणाले, आपण दोघांनाही महिनाभर विचार करतो असं सांगू. गल्लीला कुठेच नसण्याची गोडी लागत चालली होती.

दाखला मात्र मिळत नव्हता. पट्टा वरच्यांना द्यावा असा ठराव आला की खालचे सगळे विरोधात, खालच्यांना द्यावा म्हटलं की वरचे. त्या वर्षीच्या अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत वापरायचं ठरवलं तेव्हा दुसऱ्या बाजूनं सभागृहातल्या आपल्या खुर्च्याच घरी नेल्या. आणि खुर्च्यांशिवाय सभा भरत नाही असा नियम निघाला.

शेवटी गल्लीची बैठक गिरणीत भरली. सर अध्यक्षस्थानी, म्हणजे पोत्यावर. एक बाजू कोणती निवडायची यावर दोन तास वाद झाला. कंपाउंडर एकटेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. सगळे एकाच वेळी बोलायला लागले तेव्हा दाराशी बसलेल्या सासूबाई उठल्या.

"एका वेळी एकच बोला, बाकीचे थांबा," त्या म्हणाल्या आणि आश्चर्य म्हणजे सगळे थांबले. "ते दोघं आपल्याला एकमेकांना देणार नाहीत. मग आपण कोणाकडेच जायचं नाही. आपला गट वेगळा मागायचा, आपला सदस्य आपण द्यायचा. त्यांना ते चालेल, कारण शत्रूच्या हातात तर जात नाही. आणि लवकर करा, त्या पोरीचे दिवस चाललेत."

ही सूचना इतकी सरळ होती की ती आपल्याला का सुचली नाही याचं सरांना नवल वाटलं. घरी पोचेपर्यंत ती आपल्यालाच सुचली होती असंही थोडं वाटू लागलं होतं. दोन्ही बाजूंनी ती खरोखरच मान्य केली. खुर्च्या परत आल्या, ठराव एकमतानं झाला, आणि परिषदेच्या इतिहासातला पहिला एकमताचा ठराव म्हणून सचिवांनी तो दोनदा वाचून दाखवला.

आता सदस्य कोण, हा प्रश्न सरांच्या दृष्टीनं नव्हताच. पट्टा त्यांनी शोधला होता. त्यांनी अर्ज आणला, सुवाच्य अक्षरात भरला, त्याला जोडायचा फोटो कोट घालून काढून घेतला. फक्त एक सूचक आणि एक अनुमोदक हवा होता, आणि नियम असा की एका माणसाला एकाच अर्जावर सही करता येते. सर गिरणीवाल्यांकडे गेले. त्यांनी आधीच कुठेतरी सही केली होती. कंपाउंडरांनीही केली होती. समोरच्या घरात, मागच्या घरात, जिथे जावं तिथे लोक चहा देत होते, बसवत होते आणि सही मात्र दिली गेली आहे म्हणत होते. कोणाला दिली हे कोणी सांगेना. कायद्याला दोनच सह्या पुरतात, पण सासूबाईंच्या अर्जावर अख्ख्या गल्लीनं सही केली होती. सर घरी आले आणि बायकोपुढे अर्ज ठेवला.

"तुमच्या आधी आईनं मागितली," ती म्हणाली आणि कुकरकडे वळली.

सरांनी अर्जावरचा आपला फोटो सोडवून घेतला. कोटातला फोटो चांगला आला होता, वाया घालवण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी ते जेवले नाहीत, म्हणजे सगळ्यांदेखत जेवले नाहीत. सासूबाई त्यांच्या खोलीच्या दाराशी आल्या. म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही निवडून आला असतात तर रोज खरं बोलला असतात. परिषदेला ते झेपलं नसतं." सरांनी यावर बराच विचार केला आणि ती स्तुतीच आहे असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी प्रचाराला तेच सगळ्यांत पुढे होते. खरं तर दुसरा उमेदवारच नव्हता, तरी त्यांनी घरोघर जाऊन नकाशा दाखवला.

सासूबाई सभागृहात गेल्या त्या दोन्ही बाजूंच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या. पहिल्याच दिवशी कंपाउंडरांच्या मुलीचा दाखला निघाला. मुलगी पेढे वगैरे काही न आणता नुसतीच आली आणि सरांच्या पाया पडण्याऐवजी तिनं त्यांना त्या शहराचा नकाशा मागितला. सरांनी तो रंगवून दिला, एकही जागा पांढरी न ठेवता. ती गाडीत बसली तेव्हा कंपाउंडरांनी सरांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढची गोष्ट मात्र कोणी ठरवून झाली नाही. नवा गट आल्यामुळे अध्यक्षपदाची जुनी पाळी मोडली होती, आणि अध्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा वरच्यांना खालचा नको होता आणि खालच्यांना वरचा. आणि मध्ये एक बाई शांतपणे बसल्या होत्या, ज्या आजवर कोणालाच कमी-जास्त बोलल्या नव्हत्या. अशा रीतीनं सरांच्या सासूबाई जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांनी पहिला हुकूम काढला की पंप आता आहे तिथेच राहील. तो त्या वेळी नेमका ट्रकवर होता, म्हणून त्यात एक दुरुस्ती करावी लागली.

पावसाळ्याच्या आधी घरासमोरचा ओढा तुंबला. सरांनी जेवताना विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, कचेरीचं काम घरात नको, रीतसर अर्ज घेऊन या, आणि आणखी थोडी आमटी घ्या. सर काही लाचार नव्हते. त्यांनी मुद्देसूद अर्ज लिहिला, सोबत ओढ्याचा छोटा नकाशा जोडला आणि इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेले. अध्यक्षांच्या दालनाबाहेर नवा शिपाई होता. त्यानं त्यांना ओळखलं नाही. आपण कोण हे सरांनी बराच वेळ सांगितलं नाही. भूगोलाचे शिक्षक, अनेक पिढ्या घडवल्या, हद्दीचा घोळ शोधून काढणारा तो मीच, असं ते आडून आडून सुचवत राहिले. शिपाई ऐकत होता आणि मागून आलेल्या माणसांना आत सोडत होता. अखेर सर ताठ उभे राहिले.

"मी अध्यक्षांचा जावई आहे," ते म्हणाले.

शिपायानं त्यांच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. "बसा तिकडे. सकाळपासून तुम्ही तिसरे."

सासूबाईंना मुलगी एकच होती. सर बाकाकडे गेले. तिथे दोन गृहस्थ आधीपासून बसले होते, दोघांच्याही मांडीवर अर्ज. त्यातल्या एकानं आपुलकीनं सरकून जागा करून दिली आणि हळूच विचारलं, "तुमची कितवी?"

"थोरली," नकाशे सर ठामपणे म्हणाले आणि टेकून बसले.